गच्ची, गॅलरी आणि माती
प्रस्तावना

शहरातील इमारतीची आखणी करतानाच तिच्या छतावर, भिंतीवर, सज्जात, चौकात किंवा पोडियमवर वाढणाऱ्या वनस्पतींचा विचार करणे, म्हणजे त्यांच्या मातीचा भार, त्यांना लागणारे पाणी, त्यांच्या मुळांची दिशा आणि त्यांची निगा राखणारा माणूस या चारही गोष्टींची तरतूद नकाशातच करणे, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. बांधून झालेल्या इमारतीपुढे कुंड्या मांडणे किंवा आवारात बगीचा करणे हे या विषयाच्या शेजारचे असले, तरी हा विषय त्याहून वेगळा आहे; कारण कुंडी उचलून दुसरीकडे ठेवता येते, आवारातील झाड जमिनीत स्वतःचा आधार शोधते, परंतु स्लॅबवर पसरलेल्या मातीतील झाड आयुष्यभर इमारतीवर अवलंबून राहते आणि इमारतीचे आरोग्यही काही अंशी त्या झाडाच्या वाढीवर अवलंबून राहते. या परस्परावलंबनाचे शास्त्र स्थापत्य, उद्यानविद्या, वनस्पतिशास्त्र, जलव्यवस्थापन आणि नगरनियोजन यांच्या सीमेवर उभे आहे. मराठीत परसबागेवर आणि गच्चीवरील भाजीपाल्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्या लेखनात गच्ची ही तयार जागा म्हणून येते. ती गच्ची कशी बांधली म्हणजे तिच्यावर माती सुखाने नांदेल, हा प्रश्न बहुधा बाहेर राहतो. प्रस्तुत ग्रंथाची सुरुवात त्या प्रश्नापासून होते.

हा प्रश्न किती निकडीचा आहे, हे मीरा-भाईंदरच्या नकाशावर चटकन दिसते. २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली होती. रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना मनोऱ्यांची दाटी झाली, तर पश्चिमेला समुद्र आणि वसईची खाडी यांच्या मध्ये असलेल्या धारावी बेटावर राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन, पाली आणि चौक ही गावे आपला जुना पोत सांभाळून राहिली. उत्तन आणि चौक यांच्या मधले पाली हे कोळी व ईस्ट इंडियन वस्तीचे गाव थेट अरबी समुद्रासमोर आहे. या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकतात, कारण इथला वारा कोरडा असेल तेव्हा जोरकस आणि नेहमीच खारा असतो. आणि तोच वारा पानांच्या कडा करपवतो, लोखंडी जाळ्या गंजवतो व सिमेंटमधल्या सळयांपर्यंत पोचतो. नारळ, केळ, विहिरीजवळची अळूची पाने, अंगणातला वेलींचा मांडव या सगळ्यांची जागा अशा किनारी वस्तीत वाऱ्याच्या आणि सांडपाण्याच्या हिशेबाने ठरलेली असते. एकाच महापालिकेच्या हद्दीत अशी वनस्पतींसह वाढलेली घरे आणि वनस्पतींशिवाय उभारलेले मनोरे शेजारी शेजारी आहेत, आणि पहिल्या प्रकारच्या घरांची जागा दुसऱ्या प्रकारच्या इमारती हळूहळू घेत आहेत. म्हणून पालीसारख्या गावाकडे या ग्रंथाने मागे पडलेल्या गोष्टींचा नमुना म्हणून न पाहता कसोटीची जागा म्हणून पाहिले आहे: खारा वारा, वाळूमिश्रित जमीन, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि आठ महिन्यांचा कोरडा काळ यांत जी रचना टिकेल, ती या किनाऱ्यावर इतरत्रही टिकण्याची शक्यता मोठी आहे.

इमारत आणि वनस्पती यांचा एकत्र विचार करण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. पावसाळ्यात कोकणातील घराच्या छपरावर आणि पडवीपुढच्या मांडवावर दुधी, भोपळा, पडवळ, दोडका आणि काकडी यांचे वेल चढवण्याची रीत फार जुनी आहे. वेलाचे मूळ जमिनीतच राहते, छपरावर केवळ त्याचा पसारा जातो, त्यामुळे घरावर मातीचा भार पडत नाही आणि पावसाळा सरल्यावर वाळलेला वेल ओढून काढता येतो. देशावरील वाड्यांत चौक हे घराचे श्वसनस्थान होते आणि त्यातील तुळशी वृंदावन हा बांधकामाचाच भाग होता, कारण त्याचे जोते, त्याची माती आणि त्याला रोज पाणी घालणारी व्यक्ती या तिन्ही गोष्टी ठरलेल्या असत. गिरणगावातील चाळींत चौक गेला, पण गॅलरीच्या कठड्याला डालड्याच्या डब्यात लावलेली तुळस आणि ओवा राहिला. मुंबईतील सर्वांत परिचित उदाहरण मात्र असे आहे की त्याकडे कोणी छतावरची बाग म्हणून पाहतच नाही: मलबार हिलवरील हँगिंग गार्डन, म्हणजेच फिरोजशहा मेहता उद्यान, हे १८८० च्या दशकापासून एका झाकलेल्या जलाशयावर वाढलेले आहे. सव्वाशेहून अधिक पावसाळे या बागेने बांधकामाच्या डोक्यावर काढले. आणि २०२३ मध्ये जलाशयाच्या पुनर्बांधणीचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा तेथील झाडांसाठी नागरिक उभे राहिले; त्यातून वरची बाग आणि खालची वास्तू यांची आयुष्ये किती गुंतलेली असतात हे शहराला नव्याने समजले.

या परंपरेइतकीच जुनी आणि सार्थ अशी एक भीतीही इथे आहे, आणि तिची दखल न घेता या विषयावर लिहिणे अप्रामाणिक ठरेल. वड, पिंपळ, उंबर आणि नांद्रुक यांच्या बिया पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या भेगेत पडतात, पहिल्या पावसात रुजतात आणि काही वर्षांत दगडी चिऱ्यांनाही दूर सारतात. वसईच्या किल्ल्याच्या तटबंदीवर हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते आणि मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या मोऱ्यांच्या पाइपांमागे तर ते घरोघरी दिसते. गवंड्याच्या दृष्टीने झाड म्हणजे ओल, ओल म्हणजे गळती आणि गळती म्हणजे सळईला गंज. गच्चीवर विटांचे तुकडे चुन्यात किंवा सिमेंटात बसवून उतार काढण्याची ब्रिकबॅट कोब्याची पद्धत आणि त्यावरील चायना मोझॅक, म्हणजे चिनी मातीच्या फरशांच्या तुकड्यांचा पांढरा थर, ही या भीतीतून आलेली उत्तम स्थानिक कला आहे: ती पाणी साचू देत नाही आणि ऊन परतवते. हिरव्या छताचा पुरस्कार करणाऱ्याने गवंड्याचे हे ज्ञान मागासलेपणा समजून बाजूला सारले, तर पहिल्याच पावसाळ्यात खालच्या मजल्यावरील रहिवासी त्याला उत्तर देतात.

जगाच्या पातळीवर या विद्येचा प्रवास सलग नाही. बॅबिलोनच्या झुलत्या बागांची आख्यायिका प्रत्येक ग्रंथात येते, परंतु त्या बागा कुठे होत्या किंवा होत्या की नाही याबद्दलच अभ्यासकांत एकमत नाही. आधुनिक काळात वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी १९२० च्या दशकात मांडलेल्या नव्या वास्तुकलेच्या पाच सूत्रांत छतावरील बागेला स्थान दिले. जमिनीवर इमारतीने घेतलेली जागा छतावर परत द्यावी, असा त्यामागील युक्तिवाद होता. प्रत्यक्षात ती विद्या व्यवहारी झाली ती जर्मनीत, जिथे १९७० नंतर छताच्या थरांचे शास्त्र बांधले गेले: सर्वांत खाली जलरोधक थर, त्यावर मुळे रोखणारा थर, मग निचऱ्याचा थर, गाळणीचे कापड आणि शेवटी हलके, बहुतांशी खनिज असे माध्यम. आठ-दहा ते पंधरा सेंटिमीटर जाडीच्या अशा पातळ छतावर सेडमसारख्या मांसल पानांच्या वनस्पती जवळजवळ निगेशिवाय वाढतात, आणि अधिक जाडीच्या छतावर झुडपे व झाडे लावता येतात. या दोन प्रकारांना पातळ आणि सघन छत असे म्हणता येईल. पुढे नगरपालिकांनी या शास्त्राला नियमाचे बळ दिले. टोरोंटोने २००९ मध्ये ठरावीक आकाराहून मोठ्या नव्या इमारतींना हिरवे छत बंधनकारक केले.

भिंतीचा इतिहास निराळा आहे. इलिनॉय विद्यापीठातील स्टॅन्ली हार्ट व्हाइट यांनी १९३८ मध्ये वनस्पती धारण करणाऱ्या उभ्या रचनेचे पेटंट घेतले, पण ती कल्पना अर्धशतक कागदावरच राहिली. पॅरिसचे वनस्पतिशास्त्रज्ञ पात्रिक ब्लां यांनी उष्ण कटिबंधातील कड्यांवर व झाडांच्या खोडांवर मातीविना वाढणाऱ्या वनस्पतींचा अभ्यास करून नमद्यासारख्या कापडावर, खतमिश्रित पाणी सतत झिरपवत, भिंती वाढवल्या. २००६ मध्ये उघडलेल्या के ब्रान्ली संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीने ही शैली जगभर पसरली. ती देखणी आहे यात शंका नाही, परंतु पंप एक आठवडा बंद पडला तर ती भिंत मरते, आणि आपल्या शहरांतील उड्डाणपुलांच्या खांबांवर लावलेल्या प्लास्टिकच्या खणांतील वाळलेली रोपे हे त्या शैलीचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्दैवी रूप आहे.

तिसरा प्रवाह झाडालाच रहिवासी मानणाऱ्यांचा. ऑस्ट्रियाचे चित्रकार हुंडर्टवासर यांनी १९७३ मध्ये वृक्ष-भाडेकरू ही कल्पना मांडली, म्हणजे घराच्या खिडकीतून बाहेर वाढणारे झाड हे सावली आणि स्वच्छ हवेच्या रूपाने भाडे भरते असे मानायचे. १९८५ मध्ये पूर्ण झालेल्या व्हिएन्नातील त्यांच्या गृहसंकुलात ती प्रत्यक्षात आली. मिलानमधील स्तेफानो बोएरी यांच्या बोस्को व्हर्तिकाले या २०१४ मधील दोन मनोऱ्यांनी हीच कल्पना अभियांत्रिकीच्या टोकापर्यंत नेली. सुमारे आठशे झाडे आणि हजारो झुडपे तिथे सज्जांत आहेत. ती आधी रोपवाटिकेत वाढवली गेली, वाऱ्याच्या चाचण्यांतून त्यांच्या मुळांची बांधणी ठरली, आणि दोरावर लटकून छाटणी करणारे माळी इमारतीच्या व्यवस्थापनाकडून नेमले जातात. तेथील झाडे रहिवाशांच्या खासगी मालकीची नसून त्यांची निगा सामुदायिक खर्चातून होते, ही गोष्ट छायाचित्रांत दिसत नाही. त्या मनोऱ्यांच्या नकला करणाऱ्या जाहिरातींत झाडे असतात, छाटणीचा करार नसतो.

आशियातील दोन टोके या ग्रंथाला अधिक जवळची आहेत. सिंगापूरने २००९ पासून इमारतींवरील हिरवाईला नियमांचे आणि अर्थसाहाय्याचे पाठबळ दिले. २०१६ मधील ओएशिया हॉटेलचा मनोरा तर जाळीवर चढलेल्या वेलींनीच झाकला आहे. परंतु सिंगापुरात पाऊस वर्षभर पडतो, मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावर तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे दोन ते अडीच हजार मिलिमीटर पडून जातो. त्यामुळे सिंगापूरची वनस्पतींची यादी इथे उचलून आणली, तर तिला आठ महिने नळाचे पाणी पाजावे लागते. श्रीलंकेचे जेफ्री बावा यांचे कंदलामा हॉटेल हे दुसरे टोक: तिथे सांगाडा साधा ठेवून वेलींना वाट मोकळी करून दिली आहे आणि इमारत जंगलात विरून जाणे हाच तिचा हेतू आहे.

महाराष्ट्रात या सगळ्या प्रवाहांपेक्षा अधिक मूलभूत विचार वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी केला, असे या ग्रंथाचे मत आहे. मुंबईत पूर्व-पश्चिम खिडक्या ठेवाव्यात तर वारा आणि समुद्राचे दृश्य मिळते, पण त्याच दिशांनी तिरपा पाऊस आणि दुपारचे ऊन येते, हा पेच जुन्या बंगल्यांनी व्हरांड्याने सोडवला होता. कंबाला हिलवरील कांचनजंगा या १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या मनोऱ्यात कोरिया यांनी व्हरांड्याचे रूपांतर दोन मजली उंचीच्या, कोपरा कापून काढलेल्या बागेच्या गच्चीत केले. ही गच्ची आतल्या खोल्यांना पाऊस आणि ऊन यांपासून राखते. झाडे तिथे नसली तरी ती आपले काम करते, आणि तिच्या खोलीमुळे, उंचीमुळे आणि आडोशामुळे तिथे झाडेही जगू शकतात. म्हणजेच वनस्पतींसाठी ठेवलेली जागा माणसाच्या रोजच्या गरजेतून आली आहे, शोभेतून आलेली नाही. बेलापूर येथील १९८० च्या दशकातील त्यांच्या गृहवसाहतीत हेच तत्त्व जमिनीवर आणले गेले: प्रत्येक लहान घराला आकाशाखालचे स्वतःचे अंगण आहे, आणि पुढे रहिवाशांनी घरे वाढवली, बदलली, तरी त्या अंगणांतील आणि चौकांतील झाडांनी वसाहतीचे रूप घडवले. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादेत १९८० मध्ये उभारलेल्या संगाथ या कार्यशाळेत चायना मोझॅकच्या कमानी आणि गवताचे उंचवटे शेजारी ठेवले. गवंड्याचा पांढरा थर आणि माळ्याची माती यांत वैर असण्याचे कारण नाही, हे त्यांनी बांधून दाखवले.

याच्या उलट एक धडा मुंबईच्या नियमांनी दिला आणि तो कोणत्याही परदेशी उदाहरणापेक्षा मोलाचा आहे. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे ठरवणारे प्रमाण, मोजताना २०१२ पूर्वी मुंबईत फ्लॉवर बेडचे क्षेत्र सोडून दिले जात असे. खिडकीबाहेर काढलेला तो उथळ खण फुलझाडांसाठी आहे, असे मानून सूट दिली होती. प्रत्यक्षात त्या खणाला पुरेशी खोली नव्हती, निचऱ्याची नळी बहुधा नव्हती, पाणी घालायला खिडकीतून वाकावे लागे. आणि चौरस फुटाचा भाव चढत गेला तसा तो खण भरून, खिडकी पुढे सरकवून दिवाणखान्यात घेतला गेला. त्याआधी गॅलऱ्यांचे असेच झाले होते. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलून फ्लॉवर बेड, गॅलऱ्या वगैरे क्षेत्र निर्देशांकात मोजायचे ठरले व त्याच्या भरपाईसाठी निवासी इमारतींना ३५ टक्के अतिरिक्त निर्देशांक मिळण्याची तरतूद झाली. या प्रकरणाची चर्चा बहुधा बांधकाम व्यावसायिकांच्या नफ्याच्या अंगाने होते. वनस्पतींच्या अंगाने पाहिले तर दिसते ते असे की, शहराने झाडाला जागा दिली, पण माती, पाणी आणि जबाबदार माणूस दिला नाही, आणि तिन्हींशिवायची जागा माणसाने साहजिकच स्वतःकडे घेतली.

पोडियमचा, म्हणजे वाहनतळाचे मजले झाकणाऱ्या आणि ज्यातून मनोरे वर जातात अशा रुंद छताचा, प्रश्नही याच जातीचा आहे. मनोरंजनासाठी सोडायची मोकळी जागा पोडियमवर दाखवली की जमिनीचा तुकडा बांधकामाला मोकळा होतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील एका दाव्यात, नियमाने आवश्यक असलेली अशी जागा जमिनीवरच असली पाहिजे, पोडियमवरील बाग ही तिच्या जोडीला असू शकते, असा निर्वाळा दिला. या ग्रंथाची भूमिका त्या निर्वाळ्याशी पूर्णपणे सुसंगत आहे. स्लॅबवरच्या मीटरभर मातीत वड वाढत नाही, पावसाचे पाणी भूगर्भात मुरत नाही, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी इमारत पाडली जाते तेव्हा तिच्यावरचे झाडही जाते. इमारतीवरील हिरवाईचा पुरस्कार हा जमिनीवरील झाड तोडण्याचा परवाना होऊ लागला, तर त्या हिरवाईला विरोध करणे हे या विषयाच्या अभ्यासकाचे पहिले कर्तव्य आहे.

महाराष्ट्राचा स्वतःचा म्हणता येईल असा एक प्रवाह वास्तुरचनाकारांकडून आलेला नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पालापाचोळा, सूर्यप्रकाश आणि थोडे पाणी यांचा काटेकोर हिशेब मांडून अल्प जागेत अन्न पिकवण्याचे गणित लोकांपुढे ठेवले. त्यांचा ‘विपुलाच सृष्टी’ हा ग्रंथ आजही गच्चीवर शेती करणाऱ्यांचा आधार आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांचा वापर करून मातीचा भार कमी करत गच्चीवर भाज्या आणि फळे घेतली. या शतकाच्या आरंभी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या छतावर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओला कचरा जिरवून फळझाडे व भाज्यांची बाग उभी केली, आणि पुढे त्यातून अर्बन लीव्हज हा नागरिकांचा उपक्रम आकाराला आला. इथे माती वर नेली जात नाही, वरच तयार होते, आणि कुजलेल्या पाल्याचे वजन खाणीतल्या मातीहून पुष्कळ कमी असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही बाग कोणाच्या तरी रोजच्या कामाशी, कचऱ्याशी आणि जेवणाशी जोडलेली आहे. फ्लॉवर बेड ज्या कारणाने फसला, नेमके त्याच कारणाच्या अभावी ही बाग जगली.

आकड्यांकडे वळल्यावाचून हा विषय पुढे जात नाही. भारतीय मानकानुसार वापरात असलेल्या गच्चीवर सर्वसाधारणपणे धरला जाणारा चल भार दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो असतो, तर पंधरा सेंटिमीटर जाडीची साधी माती पावसाने भिजली की एकटीच अडीचशे किलोच्या पुढे जाते. म्हणून जुन्या इमारतीच्या गच्चीवर वाफे करताना संरचना अभियंत्याचा अभिप्राय घेणे अटळ आहे, आणि नव्या इमारतीत मातीचा भार चल भारात न ढकलता स्थायी भार म्हणून आरंभीच धरला पाहिजे. वाऱ्याचे गणितही असेच कठोर आहे. मुंबई परिसरासाठी मानकात धरलेला मूलभूत वारावेग सेकंदाला ४४ मीटर आहे, आणि विसाव्या मजल्यावरील झाड उन्मळून पडले तर ते केवळ झाड राहत नाही. पाण्याचा प्रश्न मीरा-भाईंदरसारख्या शहरात नैतिकही होतो, कारण हे शहर दूरवरून आणलेल्या पाण्यावर जगते आणि पिण्याचे पाणी शोभेच्या भिंतीवर शिंपडणे समर्थनीय नाही. बाथरूममधून येणारे सांडपाणी शुद्ध करून वापरणे हीच तिथे वाजवी वाट आहे. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात ही तक्रारही हसण्यावारी नेण्यासारखी नाही, ती निचऱ्याच्या आखणीतूनच सुटते.

वनस्पतींच्या निवडीबाबत हा ग्रंथ एक सूचना आग्रहाने मांडतो. पातळ छताचा जर्मन नमुना आपल्या पावसात टिकणे कठीण, कारण मांसल पानांच्या वनस्पती चार महिने पाण्यात राहिल्या की कुजतात. परंतु चार महिने चिंब आणि आठ महिने तापलेल्या उथळ मातीचा एक अधिवास सह्याद्रीने आपल्यापुढे लाखो वर्षे मांडून ठेवला आहे, आणि तो म्हणजे जांभ्या दगडाचे सडे. कास पठारावर ज्या वनस्पती पाहायला गर्दी होते, त्या तेरड्याच्या, कवल्याच्या आणि गेंदाच्या जाती बोटभर मातीत उगवतात, फुलतात आणि बी टाकून उन्हाळाभर नाहीशा होतात. कंदवर्गीय वनस्पती जमिनीखाली झोपून राहतात. गच्चीची परिस्थिती यापेक्षा फार निराळी नाही. सड्यांवरून रोपे खणून आणणे हा गुन्हा ठरेल, कारण ते अधिवास आधीच खाणी आणि पर्यटन यांनी खचले आहेत. त्यांच्यापासून घ्यायची आहे ती ऋतूची शिस्त. असे छत एप्रिलमध्ये तपकिरी दिसेल, आणि ते तसे दिसू देण्याची तयारी रहिवाशांत व वास्तुरचनाकारांत रुजवावी लागेल. बारमाही हिरवेपणाचा हट्ट हा दुसऱ्या हवामानातून आलेला आहे. पालीच्या किनाऱ्यावर तर वाळूवर पसरणारी मर्यादवेल, खारे वारे सोसणारी उंडी, करंज आणि पारोसा भेंड ही मंडळी फार पूर्वीपासून आपली योग्यता सिद्ध करून उभी आहेत.

हवामानाचा भेद राज्याच्या आतही मोठा आहे. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात पानांतून होणारे बाष्पीभवन हवा खरोखर थंड करते, वाळ्याच्या पडद्यामागचे तत्त्व तेच आहे; किनाऱ्यावरील दमट हवेत मात्र बाष्पीभवनाचा हा लाभ घटतो आणि वनस्पतींचा खरा उपकार सावलीचा असतो. म्हणून नागपुरात ओलसर हिरवी भिंत शहाणपणाची ठरू शकते, तर भाईंदरला पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर अंतरावर उभारलेली वेलींची जाळी, जिच्यामागून वारा खेळेल, तीच अधिक उपयोगी.

आजच या ग्रंथाची गरज का, याचे उत्तर पुनर्विकासात आहे. मुंबई महानगरातील जुन्या सोसायट्या आणि गावठाणांच्या कडेची घरे पाडून नव्याने बांधली जात आहेत आणि पुढील अर्धशतकाचे छत या काही वर्षांत ठरत आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर शहरातील प्रत्येक काँक्रीट पृष्ठभाग हा पुराच्या हिशेबात आला. हिरवे छत एकदा भिजून तुडुंब झाले की अशा पावसापुढे फारसे काही करू शकत नाही, हे खरे, पण नेहमीच्या पावसाच्या सरी ते धरून ठेवते आणि पाणी गटारात सावकाश सोडते. ग्रिहा आणि इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल यांच्या मानांकनांमुळे हिरवाईला गुण मिळू लागले आहेत. हे स्वागतार्ह असले तरी गुण प्रामुख्याने इमारत पूर्ण होताना दिले जातात, आणि वनस्पतींची परीक्षा त्यानंतर, विकासक निघून गेल्यावर आणि पहिला माळी बदलल्यावर सुरू होते.

प्रस्तुत ग्रंथ बागकामाची पुस्तिका नाही आणि पुरस्कारप्राप्त इमारतींचा चित्रसंग्रहही नाही. त्यात येणाऱ्या प्रत्येक वास्तूकडे तीन प्रश्नांनी पाहिले आहे: मातीचा भार कोण वाहतो, पाणी कुठून येते आणि निगा कोणाच्या खर्चाने व कोणाच्या हाताने होते. परदेशी उदाहरणे त्यांच्या हवामानासह आणि व्यवस्थापनासह मांडली आहेत, आणि कोकण किनारा हा विवेचनाचा मूळ आधार ठेवून पुणे व विदर्भ यांच्याकडे तुलनेसाठी पाहिले आहे. वनस्पतींची नावे शक्य तिथे मराठी प्रचलित रूपात दिली आहेत, जेणेकरून वास्तुरचनाकार, अभियंता, रोपवाटिकेतील माळी आणि सोसायटीचा सचिव यांना एकाच कागदावर बोलता येईल. विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ आरंभापासून वाचावा. परंतु ज्यांच्या घराचा पुनर्विकास तोंडावर आहे, त्यांनी स्लॅबच्या थरांचे आणि निचऱ्याचे विवेचन आधी वाचले तरी चालेल. विकासकाशी करारनामा करताना मातीची खोली, निचऱ्याची जागा, पाण्याचा स्रोत आणि पहिल्या पाच वर्षांच्या निगेचा खर्च या बाबी त्यांना स्पष्ट शब्दांत लिहून घेता याव्यात, इतपत भाषा आणि इतपत आकडे त्यांच्या हाती देणे हे या ग्रंथाने आपले सर्वांत तातडीचे काम मानले आहे.